मचूळ पाण्याचा हिशेब

वरळीची खिंड बुजवली नसती, तर लोअर परळ नावाचं ठिकाणच उभं राहिलं नसतं. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरे आणि परळ, भायखळा, ताडदेव यांच्यामधला सखल पट्टा खाऱ्या चिखलाखाली जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथं बांध घातला गेला. बांधकाम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात महालक्ष्मी आली, समुद्रातून मूर्ती वर काढ म्हणाली आणि मगच बांध टिकला, ही आख्यायिका मुंबईत आजही सांगितली जाते. बांध टिकला, समुद्र मागे हटला, जमीन सुकली. मीठ मात्र मातीतच राहिलं.

या पट्ट्यात विहीर खणली की बहुतेक वेळा मचूळ पाणी लागे. ‘मचूळ’ हा शब्दच एक मोजमाप आहे. गोडं, मचूळ, खारं अशा तीन पायऱ्या आपल्या जिभेनं कोणतंही उपकरण नसताना ठरवल्या होत्या. रोजच्या वापराला एवढं मोजमाप पुरत होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जमिनीवर गिरण्या आल्या, आणि गिरणीच्या बॉयलरला जिभेचं मोजमाप पुरेना.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या उत्तरेकडे सरकत परळ, लोअर परळ, लालबाग, वरळीपर्यंत पोचल्या. प्रत्येक गिरणीला पाणी तीन कारणांसाठी लागे: बॉयलरमध्ये वाफ करायला, इंजिनातली वापरलेली वाफ थंड करायला आणि रंगखात्यात कापड धुवायला. थंड करायच्या पाण्यासाठी आवारातच तळी खणत. बॉयलरला मात्र गोडंच पाणी हवं. ते शहराला १८६०पासून विहारहून, १८७९पासून तुळशीहून आणि १८९२पासून तानसाहून नळानं येऊ लागलं.

गोड्या पाण्यातही थोडं मीठ असतंच, आणि बॉयलर ते साठवत जातो. पाणी उकळून वाफ होते, वाफ बाहेर पडते, क्षार आत राहतात. समजा, आत घेतलेल्या एका लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम क्षार आहेत. असं दहा लिटर पाणी आटून एका लिटरवर आलं, की त्या एका लिटरात १,००० मिलिग्रॅम क्षार झाले. त्यातला चुना आणि जिप्सम भट्टीच्या नळीवर दगडासारखा थर धरतो. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळीचं लोखंड लाल होतं, मऊ पडतं आणि दाबाखाली फुटू शकतं. विरघळून राहिलेले क्षार फार वाढले तर पाण्याला फेस येतो आणि वाफेबरोबर पाणीही इंजिनात जातं. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून तळाचा कॉक उघडून थोडं खारं पाणी सोडून द्यायचं, ज्याला बॉयलरवाले ‘ब्लोडाउन’ म्हणतात. पण किती सोडायचं? कमी सोडलं तर नळीला धोका. जास्त सोडलं तर तापवलेल्या पाण्याबरोबर कोळशाचे पैसे गटारात जातात.

हा प्रश्न रसायनशास्त्राचा होता. त्या काळी त्याची उत्तरं दोन प्रकारे मिळत. एक म्हणजे मोजलेलं पाणी बशीत आटवून मागे उरलेल्या पांढऱ्या भुकटीचं वजन करायचं. दुसरं म्हणजे पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं टाकत क्लोराइड मोजायचं. दोन्ही रीती खऱ्या, पण संथ. त्यासाठी तराजू, काचसामान आणि शिकलेला माणूस लागे. बॉयलरच्या दारात उभं राहून क्षणात उत्तर देईल असं काही नव्हतं.

मुंबईत गिरण्यांची धुराडी चढत होती, त्याच दशकांत जर्मनीतला एक पदार्थविज्ञानी या कोड्याला पुढे उपयोगी पडणाऱ्या एका मोजणीच्या मागे लागला होता. त्याचं नाव फ्रीड्रिश कोलराउश. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते हे तोवर सर्वांना ठाऊक होतं. मायकेल फॅरडेनं १८३४ साली त्या वाहणाऱ्या कणांना ‘आयन’ हे नावही दिलं होतं. पण वीज किती वाहते हे कोणालाच धडपणे मोजता येत नव्हतं. तांब्याच्या तारेचा रोध मोजणं सोपं असतं, कारण वीज गेली तरी तार तशीच राहते. द्रावणाचं तसं नाही. त्यात धातूच्या दोन पट्ट्या बुडवून बॅटरीची वीज सोडली की एका पट्टीवर हायड्रोजन, दुसरीवर क्लोरीन किंवा ऑक्सिजन जमू लागतो. वायूचे बुडबुडे पट्टीला वेढतात, उलटा दाब निर्माण होतो आणि वाचन क्षणाक्षणाला बदलतं. मोजण्याची कृतीच मोजायच्या वस्तूला बिघडवत होती.

कोलराउशनं विजेची दिशा सतत उलटसुलट फिरवली. १८६९पासून तो असा आलटता प्रवाह वापरू लागला. एका क्षणी पट्टीवर जे जमायला लागतं, ते पुढच्या क्षणी उलट दिशेनं परत जातं. शिवाय त्यानं प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर प्लॅटिनमचाच काळा, मखमलीसारखा लेप चढवला. त्यामुळे पट्टीचं खरं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढलं आणि उरलासुरला अडथळाही क्षीण झाला. रोध मोजायला व्हीटस्टनचा पूल होताच. त्याच्या चार बाजूंपैकी एका बाजूला द्रावणाचं काचपात्र ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूचा रोध बदलत न्यायचा. तोल साधला की मधल्या तारेतून वीज वाहत नाही. पण आलटता प्रवाह साध्या काट्याला कळत नाही, काटा जागच्या जागी थरथरतो. ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन १८७६ साली निघाला आणि काही वर्षांतच कोलराउशनं तो पुलाच्या मध्ये जोडून कानाला लावला. तोल नसेल तर गुणगुण ऐकू येई, तोल जवळ आला की ती मंद होई, आणि जिथं आवाज सर्वांत कमी, तिथं उत्तर.

ही मोजणी सोपी दिसते, पण तिला विलक्षण शिस्त लागते. तापमान एका अंशानं वाढलं तर द्रावणाची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून पात्र स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. काचेतून विरघळणारे क्षार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही वाचन चुकवतात. पाणी स्वतः किती वीज वाहून नेतं हे पाहण्यासाठी कोलराउशनं १८९४ साली हाइडवायलर या सहकाऱ्यासह निर्वात पात्रात पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून पाणी शुद्ध केलं. त्याची वाहकता १८ अंशांना सेंटिमीटरमागे सुमारे ०.०४ मायक्रोसीमेन्स भरली. आजच्या उत्तमातल्या उत्तम प्रयोगशाळेतलं पाणी २५ अंशांना ०.०५५ दाखवतं. समुद्राचं पाणी सुमारे ५०,००० दाखवतं. समुद्र आणि शुद्ध पाणी यांच्यात जवळपास दहा लाख पटींचा फरक आहे. जीभ त्यातल्या तीनच पायऱ्या ओळखत होती.

या कष्टांतून निघालेला मोठा नियम असा: खूप विरळ द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतो. सोबतीला कोण आहे याचा त्याला फरक पडत नाही. त्यामुळे प्रत्येक आयनाला एक कायमचा आकडा देता येतो. २५ अंशांना हायड्रोजन आयनाचा सुमारे ३५०, हायड्रॉक्सिलचा १९९, क्लोराइडचा ७६, सोडियमचा ५०. या आकड्यांची बेरीज केली की कोणत्याही विरळ क्षाराची वाहकता आधीच सांगता येते. क्षारांचा हिशेब तिथून सुरू झाला.

पण आयन येतात कुठून? फॅरडेला वाटे, वीज सोडल्यावर ते तयार होतात. उप्सालाच्या स्वांटे अरेनिअसनं १८८४ साली पीएच.डी.च्या प्रबंधात वाहकतेच्या मोजणीवरून याच प्रश्नाला हात घातला, आणि १८८७पर्यंत त्याचा विचार पूर्ण झाला: मीठ पाण्यात विरघळतं तेव्हाच ते आयनांत विभागतं, विजेची वाट पाहत नाही. परीक्षकांनी त्या प्रबंधाला इतकी खालची श्रेणी दिली की विद्यापीठात शिकवायची वाट जवळपास बंद झाली. रिगाचा विल्हेल्म ओस्टवाल्ड मात्र प्रबंध वाचून थेट उप्सालाला भेटीला गेला. नंतर अरेनिअसनं काही काळ व्युर्त्सबुर्गला खुद्द कोलराउशच्या प्रयोगशाळेतही काम केलं. १९०३ साली त्याच सिद्धान्तासाठी त्याला नोबेल मिळालं.

तरी काही पदार्थ हट्टानं या चौकटीबाहेर राहिले, आणि त्यांत साधं मीठही होतं. द्रावण विरळ होताना विभागणी कशी वाढते हे सांगणारा, ओस्टवाल्डनं १८८८ साली मांडलेला सौम्यीकरणाचा नियम व्हिनेगारमधल्या आम्लासारख्या दुबळ्या पदार्थांना तंतोतंत लागू पडे. मीठ, हायड्रोक्लोरिक आम्ल, कॉस्टिक सोडा यांना तो लागू पडेना. ही सगळी द्रावणं गिरणीच्या रंगखात्यात रोज वापरली जात: रंग चढायला मीठ, कापडाला चकाकी आणायला कॉस्टिक. जगातल्या रसायनशास्त्रज्ञांना पस्तीस वर्षं पुरलेलं हे कोडं होतं.

त्या कोड्यावरचा एक धाडसी प्रयत्न भारतातून झाला. कलकत्त्याच्या ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी १९१८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचे प्रेसिडेन्सी कॉलेजातले सहाध्यायी. घोषांचं म्हणणं होतं की मीठ पाण्यात पूर्णपणेच आयनांत विभागतं. वाहकता घटते ती विभागणी अपुरी असल्यामुळे नव्हे, तर विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात म्हणून. द्रावणातल्या आयनांची रचना मिठाच्या स्फटिकासारखी असते, हे त्यांचं गृहीतक टिकलं नाही. पण पूर्ण विभागणीचा आणि ओढीचा विचार टिकला. १९२३ साली पीटर डिबाय आणि एरिश ह्युकेल यांनी नवा सिद्धान्त मांडला, तेव्हा घोषांच्या कामाची दखल घेऊनच ते पुढे गेले. १९२६-२७मध्ये लार्स ओन्सागरनं तो वाहकतेसाठी पुरा केला. त्या सिद्धान्ताचं चित्र लालबागच्या माणसाला लगेच उमगेल. विसर्जनाच्या मिरवणुकीत एक माणूस पुढे निघतो, त्याच्याभोवतीचा घोळका क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्याला मागे ओढतो. आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा असाच घोळका असतो. गर्दी दाट झाली की चाल मंदावते.

या वर्षांत लोअर परळही बदलत होतं. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे त्यात स्पष्ट झालं, आणि पुढच्या वर्षांत पालिकेनं कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या. त्याच १९११ साली लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज परळला येऊन गिरण्यांत पोचली. वाफेच्या इंजिनांची जागा मोटरी घेऊ लागल्या. बॉयलर मात्र गेले नाहीत. सायझिंगला म्हणजे सुताला खळ द्यायला, रंगखात्याला, कापड सुकवायला वाफ लागतच होती. बॉयलर गिरणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिले, आणि त्यांच्याबरोबर क्षारांचा प्रश्नही राहिला.

त्या प्रश्नाचं चटकन मिळणारं उत्तरही तोवर बाजारात आलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधीच डिग्बी आणि बिग्ज या इंग्रज अभियंत्यांनी कोलराउशची प्रयोगशाळा एका पेटीत बसवली आणि लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीनं ती ‘डायोनिक’ नावानं विकायला काढली. नळीत पाणी भरायचं, दांडा फिरवायचा, काटा वाचायचा. वीजकेंद्रांत आणि जहाजांवर अशी उपकरणं मोठ्या उपयोगाची ठरली, कारण तिथं वाफ थंड करायला समुद्राचं पाणी वापरतात. एका नळीला बारीक भोक पडलं तरी खारं पाणी आत येतं, वाहकता उसळी मारते आणि बॉयलर खराब होण्याआधी माणूस सावध होतो. १९५६ साली ट्रॉम्बेचं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हा अशी सतत मोजणी वीजकेंद्रांचा नित्यक्रम होऊन गेली होती.

लोअर परळला आणखी एक द्रावण मोठ्या प्रमाणावर होतं, ते म्हणजे रेल्वेच्या कारखान्यातलं बॅटरीचं आम्ल. डब्यांतल्या दिव्या-पंख्यांच्या बॅटऱ्यांत सल्फ्युरिक आम्ल असतं. गंमत अशी की ते सर्वांत जास्त वीज वाहून नेणाऱ्या द्रावणांपैकी एक असूनही त्याची तपासणी वाहकतेनं करत नाहीत. आम्लाचं प्रमाण वाढवत नेलं तर वाहकता सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढते आणि पुढे घटू लागते. म्हणजे एकच वाचन दोन वेगवेगळ्या आम्लांचं असू शकतं. बॅटरीतलं आम्ल नेमकं या शिखराच्या आसपास असतं. म्हणून तिथं हायड्रोमीटर टाकून विशिष्ट गुरुत्व पाहतात. वाहकता कामाला येते ती बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर खरंच डिस्टिल्ड आहे का हे पाहायला. कोणतं मोजमाप कुठं थांबतं हे ओळखणंही शास्त्राचाच भाग आहे.

हे ज्ञान मुंबईच्या पोरांपर्यंत पोचवणाऱ्या संस्थाही विसाव्या शतकात उभ्या राहिल्या. फोर्टात रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० साली सुरू झाली. तिथं डॉ. माता प्रसाद यांनी भौतिक रसायनशास्त्राचं, विशेषतः जेलीसारख्या कलिल पदार्थांच्या संशोधनाचं घराणं उभं केलं. तेच पुढे १९५४ साली भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. १९३३ साली मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. गिरण्यांना रंगाचे आणि कापडाचे जाणकार हवे होते, म्हणून वस्त्ररसायन हा त्याचा एक मुख्य विषय होता. १९४३ साली हा विभाग माटुंग्याला गेला आणि ‘यूडीसीटी’ या नावानं गाजला.

माटुंग्याचं रुईया, दादरचं कीर्ती, परळचं महर्षी दयानंद अशा महाविद्यालयांत गिरणगावातली मुलं बी.एस्सी.ला बसली. तिथल्या प्रयोगशाळांत आजही एक प्रयोग असतो. हायड्रोक्लोरिक आम्लात वाहकतेची पट्टी बुडवायची आणि वरून कॉस्टिक सोडा थोडाथोडा सोडायचा. ३५०चा हायड्रोजन आयन जाऊन त्याच्या जागी ५०चा सोडियम येतो, म्हणून वाहकता झरझर खाली येते. आम्ल संपलं की १९९चा हायड्रॉक्सिल उरू लागतो आणि ती पुन्हा वर चढते. आलेखावर इंग्रजी व्ही उमटतो, आणि त्याचं टोक म्हणजे उत्तर. डोळ्याला रंग दिसो न दिसो, द्रावण कितीही गढूळ असो, टोक चुकत नाही. वडील रंगखात्यात ज्या कॉस्टिकनं हात भाजून घेत होते, त्याच कॉस्टिकचा आलेख मुलगा काढत होता. गिरणगावानं शिक्षणासाठी जे सोसलं, त्याचं मोल मला या एका आलेखात दिसतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. बॉयलर भंगारात गेले, तळी बुजली, जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि मनोरे आले. शहराचं पाणी आता तानसाबरोबरच मोडक सागर, भातसा आणि मध्य वैतरणा इथूनही येतं, आणि तरी टँकर फिरतातच. घराघरांत पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. ते बसवायला येणारा माणूस खिशातून पेनसारखं एक उपकरण काढतो, ग्लासात बुडवतो आणि ‘टीडीएस’चा, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा दाखवतो. त्या पेनात दोन लहान पट्ट्या असतात, त्यांच्यात आलटता प्रवाह असतो. कोलराउशचीच युक्ती. पेन क्षार मोजत नाही, वाहकता मोजतं आणि तिला ठरावीक गुणकानं, साधारण ०.५ ते ०.७नं, गुणून आकडा दाखवतं.

इथं वाचकाला कळकळीनं एक सांगायचं आहे. हा आकडा क्षार किती याचा अंदाज देतो. कोणते क्षार, हे सांगत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण कॉलऱ्याचा जंतू वीज वाहून नेत नाही. अपायकारक प्रमाणातलं शिसं इतकं थोडं असतं की या पेनाचा आकडा त्यानं हलत नाही. आकडा लहान म्हणून पाणी निर्धोक, हे खरं नाही. आकडा जरा मोठा म्हणून पाणी वाईट, हेही खरं नाही. आकड्याची भीती दाखवून कोणी महाग यंत्र गळ्यात मारत असेल तर त्याला जंतूंच्या तपासणीचा अहवाल मागा.

आणि वाहकता दाखवणारा मीटर हाती आलाच तर आधी त्याची परीक्षा घ्या. लिटरमागे ०.०१ मोल पोटॅशियम क्लोराइडचं प्रमाणित द्रावण बाजारात मिळतं. त्यात मीटर बुडवा. २५ अंशांना तो १,४१३ मायक्रोसीमेन्स दाखवत असेल, तरच त्याच्या पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवा.